सरदारांची लढाई आणि आपली झोप

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस चीनमधले हान साम्राज्य खिळखिळे झाले. इ.स. १८४ मध्ये ‘पिवळ्या फेट्यांचे’ बंड उसळले. ते मोडण्याच्या निमित्ताने प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी फौजा उभ्या केल्या आणि नंतर त्या एकमेकांवरच वळवल्या. त्साओ त्साओ, लिउ बेई आणि सुन छ्युआन हे तिघे शेवटी उरले. सुमारे शंभर वर्षांची ही धामधूम इ.स. २८० मध्ये संपली. जपाननेही पंधराव्या-सोळाव्या शतकात असाच काळ पाहिला. ओदा नोबुनागा, ताकेदा शिंगेन, उएसुगी केन्शिन अशा सरदारांच्या लढायांनी तो देश दीडशे वर्षे पेटलेला होता.

आज जगभरातले असंख्य लोक रात्री संगणकासमोर बसून या सरदारांच्या वतीने राज्य चालवतात. ‘रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स’, ‘नोबुनागाज् ॲम्बिशन’, ‘टोटल वॉर’ मालिकेतले ‘शोगन २’ आणि ‘थ्री किंगडम्स’ ही त्यातली गाजलेली नावे. आपल्याकडच्या तरुणांच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही हे खेळ आहेत. घरातल्या मोठ्यांना मात्र प्रश्न पडतो, की हे डोके चालवणे आहे की डोके फिरवून घेणे? विज्ञानाकडे याचे एका शब्दातले उत्तर नाही. पण काही गोष्टी आता बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत, आणि खेळणाऱ्याने व त्याच्या घरच्यांनी त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

बंदुकीपेक्षा तांदळाचा हिशेब

या खेळांची सुरुवात जपानमध्ये झाली. आशिकागा या गावी रंग-रसायनांचा घरचा व्यवसाय सांभाळणारे योइची एरिकावा यांना १९८० मध्ये पत्नीने वाढदिवसाला संगणक भेट दिला. त्यावर ते स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकले. १९८१ मध्ये कावानाकाजिमाच्या लढाईवरचा त्यांचा पहिला खेळ आला, १९८३ मध्ये ‘नोबुनागाज् ॲम्बिशन’ आणि १९८५ मध्ये ‘रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स’. त्यांची ‘कोएई’ ही कंपनी याच खेळांवर मोठी झाली.

‘व्हिडिओ गेम’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धाडधाड गोळीबार येतो. इथे तसे नसते. खेळणाऱ्याला एखादा प्रांत मिळतो. शेती सुधारायची, पुराचा बंदोबस्त करायचा, बाजारपेठ वाढवायची, सैनिक भरती करायचे, शेजाऱ्याशी तह करायचा की त्याच्यावर चालून जायचे ते ठरवायचे. जुन्या खेळांत हे सारे पाळीपाळीने चालते. तुमची चाल झाली की इतर सरदारांची, मग पुन्हा तुमची. एका चालीत एक महिना किंवा एक ऋतू सरतो. फौज भराभर वाढवली तर कोठारातला तांदूळ संपतो आणि उपाशी सैनिक पळून जातात. कर वाढवला तर खजिना भरतो, पण लोक बिथरतात. लढाईपेक्षा कारभाराचाच व्याप मोठा.

प्रत्येक सरदाराला आणि सेनापतीला नेतृत्व, पराक्रम, बुद्धी, राज्यकारभार अशा गुणांचे आकडे दिलेले असतात. झुगे लियांग या मुत्सद्द्याची बुद्धी १००, ल्यू बू या योद्ध्याचा पराक्रम १००. कोणाला कारभाराला बसवायचे, कोणाला सीमेवर पाठवायचे आणि कोण फितूर होईल, यातच खेळणारा तासन्‌तास रमतो.

मेंदूत काय घडते?

आपली कार्यस्मृती, म्हणजे एखादे काम करताना डोक्यात तात्पुरती धरून ठेवायची माहिती, फार तोकडी असते. एका वेळी साधारण चार-पाच गोष्टीच आपण नीट हाताळू शकतो. मग चाळीस शहरे आणि शेकडो सेनापतींचा हा पसारा खेळणाऱ्याला झेपतो कसा? उत्तर बुद्धिबळाच्या संशोधनात आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की कसलेला बुद्धिबळपटू पट क्षणभर पाहून सोंगट्यांच्या जागा अचूक सांगतो, कारण त्याला सुट्या सोंगट्या दिसत नाहीत, ओळखीचे गट दिसतात. सोंगट्या कशाही मांडल्या, तर त्याचे हे श्रेष्ठत्व जवळपास नाहीसे होते. डावपेचांच्या खेळातही मुरलेला खेळाडू ‘उत्तरेकडची आघाडी’, ‘नदीकाठची तीन ठाणी’ असे गठ्ठे करूनच विचार करतो.

यातून बुद्धी वाढते का? काही अभ्यास आशादायक आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चंद्रामल्लिका बसाक आणि सहकाऱ्यांनी साठी-सत्तरीतल्या सुमारे ४० जणांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना ‘राइज ऑफ नेशन्स’ हा राज्ये उभारण्याचा खेळ साडेतेवीस तास शिकवला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळणे, कार्यस्मृती आणि तर्क यांच्या चाचण्यांत खेळणाऱ्यांची प्रगती अधिक होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ७२ तरुणींपैकी काहींना ‘स्टारक्राफ्ट’ हा डावपेचांचा खेळ, तर काहींना ‘द सिम्स’ हा घर-संसाराचा खेळ ४० तास दिला. पहिल्या गटात विचारांची लवचीकता अधिक वाढलेली आढळली.

पण इथे थोडा ब्रेक लावायला हवा. हे गट लहान होते. इलिनॉयच्या अभ्यासात दुसऱ्या गटाला दुसरे काहीच शिकवले नव्हते, त्यामुळे फरक खेळाचा किती आणि नवे काही शिकण्याच्या उत्साहाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांचा डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कसून आढावा घेतला. माणूस ज्या कामाचा सराव करतो त्यात तो नक्की सुधारतो, अगदी मिळत्याजुळत्या कामातही थोडा सुधारतो, पण रोजच्या जगण्यातल्या वेगळ्या कामांत त्याचा फायदा झाल्याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे, असे त्यांना आढळले. बुद्धिबळाबाबतही संशोधक साधारण हेच सांगतात. म्हणून ‘हा खेळ खेळल्याने मुलाचे गणित सुधारेल’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. तसेच ‘याने डोके सडते’ यालाही आधार नाही.

अपयशाची प्रयोगशाळा

या खेळांचे खरे शिकवणे बहुधा वेगळ्या ठिकाणी आहे. ‘नोबुनागाज् ॲम्बिशन’ ज्या वर्षी आला, त्याच १९८३ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ डीट्रिश ड्योर्नर यांनी आपल्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा वृत्तान्त प्रकाशित केला. त्यांनी संगणकात लोहाउझेन नावाचे काल्पनिक गाव उभारले आणि ४८ जणांना आळीपाळीने त्या गावाचे महापौर केले. दहा वर्षांचा कारभार त्यांनी करायचा होता. काहींनी गाव भरभराटीला आणले, बऱ्याच जणांनी पार बुडवले.

फरक कशाने पडला? अयशस्वी माणसे एका अडचणीवर एक उपाय करून मोकळी होत. त्या उपायाचे इतरत्र काय परिणाम होतील याचा विचार ती करत नसत. परिणाम उशिरा दिसला की अधीर होऊन तोच उपाय दुप्पट जोराने करत. प्रश्न हाताबाहेर जातोय असे दिसले की एखाद्या किरकोळ कामात डोके खुपसत. यशस्वी माणसे ‘असे का झाले?’ हे जास्त वेळा विचारत आणि आपला अंदाज तपासून पाहत.

तांदूळ, फौज आणि लोकांची मर्जी यांचा ताळमेळ घालताना सरदारांचे खेळ नेमका हाच धडा देतात. इथला निर्णय आज घेतला जातो आणि त्याचे फळ सहा चालींनी दिसते. लिश्टेनश्टाइनमध्ये ४० व्यवस्थापन विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘सिव्हिलायझेशन’ या अशाच पाळीपाळीच्या खेळात चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी प्रश्न सोडवण्यात, संघटनेत आणि नियोजनातही चांगले ठरले. अर्थात, खेळाने त्यांना तसे घडवले की मुळात तशी असलेली मुलेच खेळात जिंकली, हे त्यावरून ठरत नाही.

एक खोटही लक्षात घ्यावी. हरलो की जुना ‘सेव्ह’ उघडून डाव पुन्हा खेळायची सोय इथे असते. अशाने चुकीची किंमत मोजावी लागत नाही आणि जे नशिबाने जमले ते कौशल्य वाटू लागते. शिकायचे असेल तर हरलेला डाव तसाच पुढे रेटण्यात जास्त शहाणपण मिळते.

आकड्यांत न मावणारा इतिहास

खेळामुळे इतिहासाची गोडी लागते, हे बऱ्याच घरांत दिसते. नकाशे पाठ होतात, नावे ओळखीची होतात. मात्र ‘रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स’ हे मुळात चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंग यांच्या नावे असलेल्या कादंबरीचे नाव. खरा इतिहास तिसऱ्या शतकातल्या चेन शोऊ यांनी लिहिला. खेळात भेटणारी सुंदर द्याओ चान ही कादंबरीतली व्यक्तिरेखा आहे. झुगे लियांगने मंत्राने वारा फिरवला, हेही कादंबरीतलेच.

इ.स. २०८ मधल्या ‘लाल कड्यांच्या’ लढाईत त्साओ त्साओचा पराभव झाला. आगीने पेटलेली त्याची जहाजे सर्वांना ठाऊक असतात. त्याच्या सैन्यात रोगाची साथ पसरली होती आणि त्याने माघार घेण्यामागे तेही एक मोठे कारण होते, हे चेन शोऊ यांनी नोंदवलेले मात्र फारसे कोणाला माहीत नसते. त्या काळात साथींनी चीन पोखरला होता. वैद्य झांग झोंगजिंग यांच्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातली दोन तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत दगावली. त्या दुःखातून त्यांनी तापाच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि चिनी वैद्यकात त्याचा अभ्यास आजही होतो. खेळात साथ येते, लोकसंख्येचा आकडा खाली येतो आणि आपण पुढची चाल खेळतो. त्या आकड्यामागे माणसे होती, हे घरातल्या मोठ्यांनी मुलांशी बोलताना सांगायला हरकत नाही.

‘फक्त एक चाल’ का संपत नाही?

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. ‘एवढी चाल झाली की झोपतो’ असे अकरा वाजता म्हणणारा मुलगा, किंवा नवरा, अडीच वाजताही जागाच असतो. हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, खेळाची बांधणीच तशी असते.

पाळीपाळीच्या खेळात कधीच सगळी कामे एकदम संपत नाहीत. तटबंदी दोन चालींनी पूर्ण होणार असते, वकील एका चालीने परतणार असतो, पीक तीन चालींनी हाती येणार असते. मारिया ओव्ह्‌सियानकिना या मानसशास्त्रज्ञेने १९२८ मध्ये दाखवले होते, की अर्धवट तुटलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसाला आपोआप लागते. या खेळात कायम काही ना काही अर्धवट असते. त्यात अनिश्चित बक्षिसाची भर पडते. शत्रूचा सेनापती फितेल की नाही, हे चाल खेळल्याशिवाय कळत नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा साधा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा मेंदूच्या आतल्या भागात डोपामाइनचा स्राव वाढलेला दिसला. डोपामाइन हे निव्वळ ‘आनंदाचे रसायन’ नाही. पुढे काहीतरी मिळणार आहे, या ओढीशी त्याचा जास्त संबंध आहे. आवडते जेवण आणि संगीत यांनीही ते वाढते, म्हणून केवळ यावरून खेळाला व्यसन म्हणणे योग्य नाही.

झोपेचे नुकसान मात्र खरे आहे. पडद्याच्या उजेडाने शरीराचे घड्याळ थोडे मागे पडते. त्याहून मोठी कारणे दोन. खेळात झोपेचे तास सरळ खाल्ले जातात, आणि डोके तापलेले असल्याने अंथरुणावर पडल्यावरही लढाई चालूच राहते. प्रौढाला किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

गंमत म्हणजे, या जागरणाने खेळही बिघडतो. इंग्लंडमधल्या वायव्होन हॅरिसन आणि जिम हॉर्न यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ तास जागवलेल्या माणसांना त्यांनी बाजारपेठेतल्या डावपेचांचा खेळ खेळायला दिला. वाचून तर्क करण्याची त्यांची क्षमता टिकून होती, पण बदलत्या परिस्थितीप्रमाणे डाव बदलणे त्यांना जमेनासे झाले. फसलेल्या चालीलाच ती माणसे चिकटून राहिली. रात्री तीन वाजता सुरू केलेली मोहीम सकाळी मूर्खपणाची का वाटते, याचे उत्तर यात आहे.

झुगे लियांगचा शेवटही इथे आठवावा. इ.स. २३४ मध्ये त्याची आणि सिमा यी याची सैन्ये शंभराहून अधिक दिवस समोरासमोर तळ ठोकून होती. झुगे लियांगचा दूत आला, तेव्हा सिमा यी याने फौजेबद्दल काही विचारले नाही. तुमचे धनी झोपतात किती, जेवतात किती, एवढेच विचारले. पहाटे उठतात, रात्री उशिरा निजतात, वीस फटक्यांच्या शिक्षेचे कामही स्वतः पाहतात आणि जेवण अगदी कमी, असे दूताने अभिमानाने सांगितले. हा माणूस आता फार दिवस जगणार नाही, असे सिमा यी म्हणाला. काही काळातच झुगे लियांग छावणीत आजारी पडून वारला. ज्याला खेळात बुद्धीचे १०० गुण मिळतात, त्याची ही गोष्ट आहे.

छंद आणि आजार यांतली रेघ

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’चा आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात समावेश केला आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. तीन खुणा दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळ वरचढ होतो. नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. हे साधारण वर्षभर टिकले आणि त्याने अभ्यास, नोकरी, नाती यांची मोठी हानी झाली, तरच तो आजार. असे लोक फार थोडे असतात. ॲण्ड्र्यू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात सुमारे १९ हजार जणांची पाहणी होती. इंटरनेट गेमिंगच्या विकाराच्या निकषांत बसू शकतील असे लोक त्यांना एक टक्का किंवा त्याहून कमी आढळले.

सुट्टीत सलग सहा तास खेळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर मैदानावर जात असेल, तर काळजीचे कारण नाही. रोज दोनच तास खेळणारा, पण परीक्षा बुडवणारा, खोटे बोलणारा, खेळ थांबवला की हिंसक होणारा मुलगा मात्र मदतीची वाट पाहत असू शकतो. कधी कधी खेळ हे मूळ कारण नसतेच. नैराश्य, एकटेपणा किंवा शाळेतला छळ यांपासून पळायची ती जागा असते.

पैशाच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहावे. विकत घेऊन खेळायचा संगणकावरचा खेळ आणि ‘मोफत’ मिळणारा मोबाइलवरचा खेळ यांत मोठा फरक आहे. पहिला कुठेही ‘सेव्ह’ करून थांबवता येतो, आणि तो कधीतरी संपतो. दुसरा चोवीस तास चालू असतो. तुम्ही झोपलात तरी तुमच्या किल्ल्यावर हल्ला होऊ शकतो, आणि संघातले सोबती वाट पाहत असतात. शिवाय चांगला सेनापती मिळवायला पैसे देऊन सोडत काढावी लागते. जपानमध्ये याला ‘गाचा’ म्हणतात. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला की बक्षीस देणारा ‘कम्प्लीट गाचा’ हा प्रकार तिथल्या ग्राहक यंत्रणेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा अशा सोडतींवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराची समस्याही जास्त आढळली.

बंदीपेक्षा तह बरा

चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केला, की १८ वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळावे. त्याआधीच्या, २०१९ च्या निर्बंधांचा परिणाम संशोधकांनी खेळण्याच्या प्रचंड नोंदींवरून तपासला, तेव्हा अतिखेळण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. घरातही निव्वळ बंदीने फारसे साधत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

• घड्याळ बघून नाही, तर खेळातली जागा ठरवून थांबा. ‘दहा वाजले’ यापेक्षा ‘हे वर्ष संपले की सेव्ह’ हा करार पाळणे सोपे जाते. त्यासाठी झोपेच्या तासभर आधीचा गजर लावा.

• उठण्यापूर्वी पुढच्या दोन-तीन चाली कागदावर लिहून ठेवा. अर्धवट कामाचे ओझे डोक्यातून कागदावर उतरते.

• दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. तासाभराने उठून चार पावले चाला.

• आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम लागेल असा व्यायाम करा. खेळाचा वेळ त्यातून वजा होता कामा नये.

• मुलांच्या मोबाइलला घरच्यांचे बँक कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका.

• मूल काय खेळते ते एकदा शेजारी बसून पाहा. ‘हा सरदार कोण? तू याच्याशी तह का केलास?’ असे विचारा. दारामागून ओरडण्यापेक्षा या प्रश्नांतून जास्त कळेल.

खेळावरचा ताबा सुटल्यासारखे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र सेवा २०१४ पासून आहे. विषयाला घरीच तोंड फोडायचे असेल, तर ते रात्री दोन वाजता, हातातला मोबाइल हिसकावून नको. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची झोप पुरी झाल्यावर, चहाच्या वेळी बोललेले जास्त ऐकले जाते.